व्रणांचा अर्थ आणि छायाचित्रकाराचा डोळा

इथिओपियाच्या नैर्ऋत्येस, ओमो नदीच्या परिसरांत, गुरें पाळून व थोडीफार शेती करून राहणाऱ्या सुरी, मुर्सी इत्यादि जमातींस 'सुर्मा' या एका नांवाखालीं गोंवण्यांत येतें. त्यांच्या अंगावरील रंग, पानें व फुलें यांचीं छायाचित्रें हान्स सिल्व्हेस्टर यांनीं 'नॅचरल फॅशन' या पुस्तकांत (इंग्रजी आवृत्ति, २००८) दिलीं आहेत. तीं नेत्रसुखद आहेत याविषयीं दुमत होणार नाहीं. आमचा आक्षेप आहे तो पुस्तकाच्या नांवास. 'फॅशन' म्हणजे आज धारण करावयाची व उद्यां टाकावयाची वस्तु. रंग पाण्यानें धुतला जातो. परंतु त्या रंगाखालीं कित्येकदां जें व्रणांचें नक्षीकाम असतें, तें मरेपर्यंत सोबत करतें.

काट्यानें त्वचा किंचित् उचलावयाची, पात्यानें कापावयाची, आणि जखम भरतांना उठणाऱ्या गांठींच्या ओळी रचीत जावयाच्या, अशी ही रीत आहे. स्त्रियांच्या अंगावर ती बहुतांशीं शोभेसाठीं असते; पुरुषांच्या दंडावरील कांहीं खुणा मात्र शत्रूस ठार केल्याची साक्ष म्हणून कोरलेल्या असतात. एक व्रण सौंदर्याचा, दुसरा रक्ताचा. जमातींतील माणसास हा भेद सांगावा लागत नाहीं; कॅमेऱ्यापुढें मात्र रंग, फूल आणि व्रण हीं तिन्ही सारख्याच मोलाचीं ठरतात.

मुर्सी लोकांचे अभ्यासक डेव्हिड टर्टन यांच्या २००४ सालच्या निबंधांत या चित्राची दुसरी बाजू दिसते. त्या लोकांच्या लेखीं पर्यटक म्हणजे 'छायाचित्रें काढणारे लोक'. पैसे ठरतात, चित्र निघतें, आणि पाहुणा निघून जातो. निबंध ओठांतील चकतीविषयीं आहे; तथापि त्यांतील विचार व्रणांसही लागू पडतो.

उलट सरकारी अधिकारी अशा चालीरीतींस घातक रूढी म्हणून दूषण देत आले आहेत. एकजण वाखाणतो, दुसरा धिक्कारतो. परंतु ज्याचें अंग, त्याला या खुणेचा अर्थ दोघेही विचारीत नाहींत. या वेदनेचें उदात्तीकरण करण्याचा आमचा हेतु नाहीं. रक्तपाताची साक्ष देणारा व्रण केवळ दूरदेशींचा म्हणून वंदनीय ठरत नाहीं. मात्र निंदेपूर्वीं, आणि स्तुतीपूर्वींही, त्याचा अर्थ समजून घेणें प्राप्त आहे. सिल्व्हेस्टर यांचें पुस्तक आपणांस पाहावयास शिकवितें आणि तेथेंच थांबतें. वाचकांनीं तें अवश्य पाहावें, परंतु टर्टन यांचा निबंध शेजारीं ठेवून.