पहिल्याच खर्ड्याचे लघुपट

आंतरमहाविद्यालयीन लघुपट स्पर्धेत सलग आठ-दहा लघुपट पाहिले, की पुढचा लघुपट कसा सुरू होणार हे प्रेक्षक आधीच सांगू शकतो. मोबाइलचा गजर वाजतो, पांघरुणातून हात बाहेर येतो. मग आरसा, मग ड्रोनमधून दिसणारा रस्ता, त्यावर पियानो. शेवटी पडदा काळा होतो आणि पांढऱ्या अक्षरांत नैराश्य, हुंडा किंवा म्हाताऱ्या आईबापांविषयीचा संदेश उमटतो. छायाचित्रण नेटकं असतं, रंग जुळवलेले असतात, आवाजही आता बरे ऐकू येतात. तंत्राच्या बाबतीत ही मुलं वीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पुढे आहेत, आणि तरीही लघुपट संपल्यावर त्यातलं एकही माणूस लक्षात राहत नाही. याचं ठरलेलं निदान म्हणजे ‘मुलं वाचत नाहीत’ किंवा ‘अनुभवच तोकडा’. विषयांची यादी पाहिली तर ते टिकत नाही. शेतीपासून जातीपर्यंत सगळं त्यात असतं. माझ्या मते दुखणं वेगळं आहे. हे बहुतेक लघुपट पहिल्याच खर्ड्यावर संपलेले असतात. कल्पना सुचली, शनिवार-रविवारी चित्रीकरण झालं, आठवड्याभरात संकलन झालं आणि स्पर्धेत पाठवलं. मधल्या काळात ‘हे मला कळलं नाही’ असं म्हणणारा माणूसच कोणाला भेटलेला नसतो.

याच महाविद्यालयांत, बऱ्याचदा याच मुलांकडून, एकांकिका मात्र वेगळ्या रीतीने उभी राहते. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला बसणारा संघ आठवडेच्या आठवडे तालमी करतो. रिकाम्या वर्गात खडूच्या रेषा हेच नेपथ्य, बाकं ढकलून केलेली विंग आणि समोर घड्याळ घेऊन बसलेला एखादा माजी विद्यार्थी. चाळिसाव्या मिनिटाला कंटाळा येतोय, हे तो तोंडावर सांगतो. लेखक रुसतो, पण सकाळी नवं पान घेऊन येतो. नटाच्या तोंडी न बसणारं वाक्य बदलतं, एखादं पात्रच गळतं. पुढे भरत नाट्य मंदिरातल्या प्रयोगात उरलासुरला हिशेब प्रेक्षक चुकता करतात, कारण फसलेला विनोद फसला हे कळायला तिथे परीक्षकांच्या निकालाची गरज नसते. एकांकिकेतली मुलं जात्याच अधिक प्रतिभावान असतात असं नव्हे. त्यांची गोष्ट लोकांसमोर जाण्याआधी अनेकदा मोडली आणि जुळवली जाते, एवढाच फरक. लघुपटात ती सोय नाही. कॅमेरा स्वस्त झाला, संकलनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळू लागलं, पण तालमीला पर्याय कोणी शोधला नाही.

विद्यार्थिदशेतले जे लघुपट टिकले, त्यांच्याकडे पाहिलं तर हे अधिक स्पष्ट होतं. उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’ पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला. घरात पिठाची गिरणी येते, मुलगा आधी हरखतो आणि हळूहळू तीच गिरणी त्याच्या बालपणावर चढून बसते. कोणी भाषण करत नाही. गिरणीची घरघर जसजशी घर व्यापत जाते, तसतसं मुलाचं आक्रसणं आपल्याला कळतं. फिल्मचं रीळ मोजून मिळण्याच्या त्या दिवसांत प्रत्येक दृश्य ‘हवं का?’ या प्रश्नातून जात असे. पण काटेकोरपणाचं श्रेय एकट्या रिळालाही देता येत नाही. २०२४ मध्ये कान महोत्सवात विद्यार्थी लघुपटांच्या विभागात पहिला आलेला चिदानंद नाईक यांचा ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ याच संस्थेतल्या एका वर्षाच्या टीव्ही अभ्यासक्रमाचा, डिजिटल काळातला. चित्रीकरणाला चार दिवस मिळाले. कोंबडा चोरणाऱ्या म्हातारीची कन्नड लोककथा त्याच्या मुळाशी आहे, म्हणजे पिढ्यान् पिढ्या सांगून, ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत घडत गेलेली गोष्ट. आणि नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ केला तो तेव्हाच्या अहमदनगरला संज्ञापनाचं शिक्षण घेताना, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. शाळेत जाऊ पाहणारा भटक्या-विमुक्तांच्या घरातला मुलगा आणि त्याला चोरीकडे ढकलणारी गरिबी, एवढीच गोष्ट. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला म्हणून कॅमेऱ्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही. मंजुळे त्याआधीपासून कविता लिहीत होते. लिहिलेलं खोडण्याची सवय कॅमेऱ्याच्या आधीच हाताला लागलेली होती.

यावर कोणी म्हणेल, फिल्म इन्स्टिट्यूटची उदाहरणं देणं सोपं आहे. परभणी-नंदुरबारच्या मुलाने कुठे जावं? आक्षेप रास्त आहे. पण याचं उत्तर संस्थांपेक्षा मालेगावात सापडतं. तिथे नासिर शेख आणि मंडळींनी ‘मालेगाव के शोले’ काढला. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ही मंडळी बैलगाडीची क्रेन करून चित्रीकरण करताना दिसतात. लोक या जुगाडाची गोष्ट कौतुकाने सांगतात, मला मात्र त्यांचा प्रेक्षक महत्त्वाचा वाटतो. यंत्रमागावरून सुटून शुक्रवारी सिनेमाला येणारा माणूस कशावर हसतो, हे त्यांना पाठ होतं. त्यांच्या गल्लीतच त्यांचा परीक्षक राहत होता. पदवी नसली तरी चालतं. समोर कोणीच नसेल तर मात्र चालत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. तालमीतून साचेच तयार होत नाहीत का? होतात. एकांकिकेतले अंधार, मुखवटे, समूहाचं लयीत हलणं आणि शेवटचं घसा फोडणारं स्वगत हाही साचाच, आणि तो वर्षानुवर्षं माजी विद्यार्थ्यांकडूनच पुढे सरकतो. २०२२ मध्ये तर पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक एकाही संघाला दिला नाही. तेव्हा केवढी खळबळ उडाली! मुलांचा हिरमोड झाला, हौसेने राबणाऱ्यांना असं वागवावं का, असंही विचारलं गेलं. मुलांची निराशा खरी होती, तरीही मला तो निर्णय त्या कलेच्या जिवंतपणाचाच पुरावा वाटतो. जिथे कोणीतरी जाहीरपणे ‘नाही’ म्हणू शकतं आणि त्यावर गावभर भांडण होतं, तिथे ती कला लोकांना आपली वाटत असते. लघुपटांच्या जगात असा नकार ऐकूच येत नाही. प्रवेशशुल्क घेऊन इंटरनेटवरच भरणारे ‘आंतरराष्ट्रीय’ महोत्सव निवडीची खूण असलेली पानांची नक्षी उदारपणे वाटतात, आणि पोस्टरवर सात-आठ नक्षी लागल्यावर दिग्दर्शकाने पटकथा पुन्हा का उघडावी?

रील्सचं समर्थन करणारे म्हणतील, व्ह्यूज हा तर सगळ्यात कठोर प्रेक्षक. अर्धं खरं आहे. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोली रंगमंचाला जमलं नाही इतक्या मोकळेपणाने रील्समध्ये नांदतात, आणि तिथल्या पोरापोरींचं विनोदाचं टायमिंग अचूक असतं, कारण रोज नवा प्रयोग आणि रोज निकाल. मात्र तो निकाल आकड्यात येतो. माणूस कुठल्या सेकंदाला निघून गेला ते कळतं, का गेला ते कळत नाही. त्यामुळे सुधारणा होते ती पहिल्या तीन सेकंदांत. गोष्टीच्या पोटात शिरून दुरुस्ती करणं या मार्गाने जमत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून पटकथा लिहून घेण्याची नवी सवय तर याच्या पुढची. ती साधनं क्षणात पाच खर्डे देतात, पण मागणाऱ्याने मुद्दाम खोदून विचारलं नाही, तर कल्पनेची बहुधा पाठच थोपटतात. रुसायला लावणाऱ्या माजी विद्यार्थ्याची जागा त्यांना घेता आलेली नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. पुण्यात आरभाटसारख्या उपक्रमांमुळे लघुपट एकत्र बसून पाहायची आणि त्यावर बोलायची सवय लागते आहे, पण तिथे पोहोचतो तो पूर्ण झालेला लघुपट. माध्यमांचे अभ्यासक्रम चालवणारी महाविद्यालयं याच्या एक पायरी आधी थांबू शकतात. आज गुण मिळतात ते अखेरीस सादर केलेल्या फाइलला. त्यातले निम्मे गुण रफ कट इतर शाखांच्या मुलांना दाखवून, त्यांचं ऐकून नंतर केलेल्या बदलांना द्यावेत. दोन्ही आवृत्त्या परीक्षकांनी शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. वाणिज्य शाखेचा, सिनेमाशी देणंघेणं नसलेला एखादा विद्यार्थी मागच्या बाकावरून ‘तो गजर कशाला वाजला?’ एवढं विचारेल, तर दिग्दर्शकाला संकलनाच्या टेबलावर परत जावंच लागेल.