‘इथे काहीच नाही’: नेब्रास्काचं पर्यटन आणि अभावाचा विचार



या व्याख्यानमालेत मी बहुतेक वेळा दर्शनांवर बोलतो. आजचा विषय पाहून एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर विचारलं, "सर, तुम्ही ट्रॅव्हल कंपनी काढलीत की काय?" काढलेली नाही. झालं असं की एका अमेरिकन राज्याच्या पर्यटन खात्याची जाहिरात माझ्या वाचनात आली आणि तिने मला न्याय-वैशेषिकांच्या एका जुन्या चर्चेकडे परत पाठवलं. आज त्या जाहिरातीची समीक्षा करायची आहे. एखादी कविता जशी तपासतो, तशीच ही जाहिरात तपासू.

राज्याचं नाव नेब्रास्का. अमेरिकेच्या मधोमध, प्रेअरीचा म्हणजे गवताळ मैदानांचा प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे २ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण दोन तृतीयांश. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १९ लाख ६० हजार. एकट्या पुणे शहरात याहून जास्त माणसं राहतात. त्यातही राज्यात काउंट्या ९३ आणि निम्म्याहून जास्त लोक त्यांतल्या तिघींमध्ये, ओमाहा आणि लिंकन या शहरांच्या आसपास. बाकी सगळा विस्तार मका, सोयाबीन, गुरं आणि गवत यांचा. आर्थर नावाच्या काउंटीत तर पाचशेपेक्षाही कमी माणसं आहेत. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी वस्ती, आणि तिला तिचं स्वतःचं काउंटीचं सरकार!

अशा राज्याला पर्यटक हवेत. का हवेत, ते उघड आहे. यंत्रं मोठी झाली, शेतं मोठी झाली, माणसं कमी लागू लागली. तरुण मुलं शहराकडे गेली. गावातली शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळली, किराणा दुकान बंद झालं. तेव्हा बाहेरचा माणूस दोन रात्री राहिला, जेवला, पेट्रोल भरून गेला, तरी गावाला बरं वाटतं. राज्याच्या पर्यटन आयोगाचा खर्चही मुख्यतः हॉटेलच्या खोल्यांवरच्या करातून चालतो. माणूस मुक्कामाला थांबला तरच पैसा.

पण माणूस थांबत नाही. राष्ट्रीय पातळीवरच्या एका पाहणीत, पर्यटकांना जिथे जायची इच्छा आहे अशा राज्यांच्या यादीत नेब्रास्का सलग काही वर्षं शेवटच्या क्रमांकावर होतं. तेव्हा २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आयोगाने नवं घोषवाक्य आणलं. मराठीत सांगायचं तर: "नेब्रास्का. खरं सांगू का, हे सगळ्यांसाठी नाही." एका चित्रात जनावरांना पाणी पाजायच्या मोठ्या गोल टाकीत बसून माणसं मजेत नदीतून तरंगत चालली आहेत, आणि वर लिहिलंय की नशीब तुमचं, इथे करण्यासारखं काहीच नाही. देशभर हसू झालं. टीव्हीवरच्या विनोदवीरांनीही ते उचललं. चार वर्षं आधीचं, ‘नेब्रास्काला या, छान आहे’ अशा धाटणीचं घोषवाक्य कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. हे राहिलं.

आता समीक्षा. आधी श्रेय देतो. ही जाहिरात खोटं बोलत नाही. जगातलं प्रत्येक पर्यटन खातं आपला प्रदेश म्हणजे स्वर्ग असल्याचं सांगत असताना कोणीतरी ‘सगळ्यांसाठी नाही’ म्हणतं, यात सभ्यपणा आहे. शाळेत आपण व्याजस्तुती अलंकार शिकलो, वरवर निंदा आणि आतून स्तुती. ही शुद्ध व्याजस्तुती आहे.

पण व्याजस्तुती चालते कधी? ऐकणाऱ्याला वस्तुस्थिती आधीच ठाऊक असते तेव्हा. ज्याला ठाऊक नाही, तो निंदा तेवढी उचलतो. लिंकनमधला माणूस त्या वाक्यावर खळखळून हसेल, कारण ती नदी त्याने पाहिली आहे. न्यूयॉर्कमधला माणूस हसेल आणि म्हणेल, "बघा, आता तेही कबूल करतात." विनोद लक्ष वेधून घेतो हे मान्य. पण वेधलेलं लक्ष जातं कुठे? विनोदाकडे. प्रदेशाकडे नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो समजायला मला माझीच एक फजिती सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो होतो. ओमाहाहून डेन्व्हरला गाडीने निघालो. नेब्रास्का आडवं ओलांडणारा आंतरराज्य महामार्ग ८० सुमारे ७३० किलोमीटरचा आहे. दोन-अडीच तासांनी मी म्हणालो, "अगं, इथे काहीच नाही!" मुलगी गाडी चालवत होती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही डोंगर शोधताय. डोंगर उद्या दिसतील."

मंडळी, आयुष्यभर अभाव शिकवलेला मी प्राध्यापक. मुलीने एका वाक्यात मला नापास केलं.

वैशेषिकांनी पुढच्या काळात अभाव हा सातवा पदार्थ मानला. त्यांचं म्हणणं असं, की नुसता अभाव कधी नसतो, तो नेहमी कशाचा तरी अभाव असतो. जमिनीवर घडा नाही, असं आपण म्हणतो तेव्हा घडा हा त्या अभावाचा प्रतियोगी. घडा मनात नसेल तर त्याचं नसणंही जाणवणार नाही. तेव्हा ‘इथे काहीच नाही’ असं जो म्हणतो, तो जागेबद्दल फार थोडं सांगतो आणि मनात कोणता घडा घेऊन आला ते जास्त सांगतो. माझ्या मनात डोंगर होता. कोणाच्या मनात समुद्र असतो, कोणाच्या डिस्नेलँड.

जाहिरातीचा दोष इथे आहे. ती पर्यटकाच्या मनातला घडा तसाच राहू देते. ‘तुम्ही म्हणता ते खरं, पण थोडी गंमत आहे’, एवढंच ती सांगते.

आणि ही सवय आजची नाही. १८२० मध्ये मेजर स्टीफन लाँगची सरकारी मोहीम या भागातून गेली. तिच्या नकाशावर मैदानांना ‘महान अमेरिकन वाळवंट’ असं नाव मिळालं. पूर्वेकडच्या जंगलांतून आलेल्या माणसाच्या मनात झाड होतं. झाड दिसलं नाही, म्हणजे वाळवंट! पुढे वसाहत करायला आलेल्या लोकांनी ती उणीव भरून काढायची ठरवली. १८७२ मध्ये जे. स्टर्लिंग मॉर्टन यांच्या पुढाकाराने वृक्षारोपण दिन सुरू झाला तो नेब्रास्कातच. १९०२ मध्ये हॅल्सीजवळ गवताळ टेकड्यांवर हाताने रोपं लावून राष्ट्रीय वन उभं करायला सुरुवात झाली. झाडांबद्दल माझी तक्रार नाही. पण गवताच्या देशाला स्वतःच्या गवताची लाज वाटली, याचा हा इतिहास आहे. आज तिथले पशुपालक पूर्वेकडचा लाल सीडर कापत बसलेत, कारण तो गवतावर पसरतोय आणि कुरणं गिळतोय.

विशेष म्हणजे राज्याचं नाव ओटो भाषेतल्या ‘सपाट पाणी’ या अर्थाच्या शब्दांवरून आलं आहे. मुख्य नदी प्लॅट, हेही फ्रेंचांनी ठेवलेलं त्याच अर्थाचं नाव. नाव ठेवणाऱ्यांना सपाटपणा हे वैगुण्य वाटलं नव्हतं.

त्या नदीकाठी कर्नी नावाचं गाव आहे. तिथे महामार्गाच्या थेट डोक्यावर एक प्रचंड कमान बांधली आहे. आत पश्चिमेकडे गेलेल्या स्थलांतरितांच्या इतिहासाचं प्रदर्शन. २००० मध्ये उघडली, खर्च सुमारे ६ कोटी डॉलर. कल्पना अशी की सपाट प्रदेशात काहीतरी उंच उभं केलं की गाड्या थांबतील. गाड्या कमानीखालून निघून जात राहिल्या. महामार्गावरून उतरायचा रस्ताही सुरुवातीला जवळ नव्हता. २०१३ मध्ये संस्थेला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पर्यटन विकास म्हणजे बांधकाम, असं समजणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनीही ही कमान एकदा पाहून यावी.

आता त्याच कर्नीपासून थोड्या अंतरावर काय घडतं ते सांगतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत प्लॅट नदीच्या सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात सँडहिल क्रेन, म्हणजे क्रौंचांची एक जात, लाखोंनी उतरते. पाच लाखांच्या वर. जगातल्या या जातीच्या पक्ष्यांपैकी बहुसंख्य त्या काही आठवड्यांत इथून जातात. रात्री ते नदीच्या उथळ पाण्यात उभे राहतात आणि दिवसा कापणीनंतर शेतात सांडलेला मका खातात. जेन गुडॉल कितीतरी वर्षं मार्चमध्ये इथे येत असत.

दुसऱ्या खेपेला मुलगी मला तिथे घेऊन गेली. पहाटे अंधारात लाकडी लपणात जाऊन बसायचं. बोलायचं नाही, फ्लॅश नाही, मोबाइलचा उजेडसुद्धा नाही. थंडी अशी की बोटं वाकेनात. तासभर काहीच दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. मग उजाडतं आणि जे आपल्याला वाळूचे पट्टे वाटत होते, ते पक्षी निघतात.

मी असं म्हणेन की तिथे आमचा घडा काढून घेतला गेला. त्या लपणाने काही विकलं नाही. कसं बसायचं आणि किती वेळ वाट पाहायची, तेवढं शिकवलं. प्रेअरीतल्या पर्यटनाचं मर्म मला इथे दिसतं. डोंगर पाहायला शिक्षण लागत नाही. गवत, आभाळ, पक्षी पाहायला लागतं. म्हणून अशा राज्याने जाहिरातीवरचा काही पैसा पाहायला शिकवणाऱ्या माणसांवर खर्च करावा. राज्यातल्या सँडहिल्स भागात, म्हणजे गवताने धरून ठेवलेल्या सुमारे ५० हजार चौरस किलोमीटर वाळूच्या टेकड्यांत, काही पशुपालक वसंतात पाहुण्यांना पहाटे प्रेअरी चिकनचं नाचणं दाखवायला नेतात. त्या गवताला कोणी नांगर लावला नाही म्हणून ते दृश्य आहे, आणि पाहुणे येतात म्हणून नांगर न लावण्याला आणखी एक कारण मिळतं.

प्लॅट नदीचंही तसंच. वरच्या बाजूला धरणं झाली, पाणी कमी झालं, पात्रात झाडी माजली. आज ते पात्र उघडं राहतं, कारण संस्था दरवर्षी यंत्रं लावून झाडी काढतात. पाहणाऱ्यांकडून येणारा पैसा जे पाहिलं त्याच्या जपणुकीला लागतो. हे गणित कमानीपेक्षा बरं आहे.

एक शंका तुम्ही विचाराल, म्हणून आधीच उत्तर देतो. याने गावं पुन्हा भरतील का? नाही भरणार. पर्यटनाची कामं हंगामी असतात, पगार बेताचे. क्रौंच सहा आठवड्यांनी उडून जातात. कोणी तुम्हाला सांगत असेल की पर्यटनाने ग्रामीण प्रश्न सुटतो, तर त्याला हिशेब मागा. एखादं खानावळवजा हॉटेल, एखादा पेट्रोल पंप चालू राहील, एखादं कुटुंब टिकेल. हेही कमी नाही.

अजून एक गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वैशेषिक अभावाचे प्रकार सांगतात. अत्यंताभाव म्हणजे जे कधी नव्हतंच, नाही आणि असणार नाही. प्रध्वंसाभाव म्हणजे होतं, ते नष्ट झालं. प्रेअरीकडे पाहणारा माणूस समजतो की हा अत्यंताभाव आहे. आहे प्रध्वंसाभाव. इथे माणसाच्या उंचीचं गवत होतं. त्या उंच गवताच्या प्रेअरीचा आज साऱ्या देशात मिळून जेमतेम ४ टक्के भाग उरला आहे. इथे रानगव्यांसारख्या बायसनचे कळप होते. इथे पॉनी लोकांची गावं होती, मक्याची शेती होती. १८७० च्या दशकात त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. ‘इथे काहीच नाही’ हे वाक्य त्या सगळ्यावर पांघरूण घालतं. विनोदाने घातलं म्हणून ते पांघरूण पातळ होत नाही.

आणि गंमत पाहा. पॉनी लोकांनी आपल्या जुन्या मक्याचं थोडं बियाणं जपून ठेवलं होतं. ओक्लाहोमाच्या मातीत ते नीट येईना. कर्नीच्या त्याच कमानीत शिक्षणाचं काम पाहणाऱ्या एका बाईंनी त्यांच्याशी संपर्क साधला, आणि ते बियाणं पुन्हा नेब्रास्काच्या मातीत पेरलं गेलं. उगवलं. माझ्या मते त्या कोट्यवधींच्या वास्तूत घडलेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. तिला कमान लागली नसती.

हे सगळं आपल्याला कशाला? सोलापूरजवळचं नान्नज आठवा. माळढोकासाठी १९७९ मध्ये तिथे अभयारण्य झालं. आज माळढोक दिसणं दुर्मीळ. आपणही माळाला कागदोपत्री ‘पडीक’ म्हणतो, बोलताना ‘ओसाड’ म्हणतो आणि मग पुण्यकर्म म्हणून त्यावर झाडं लावतो. लाँगसाहेबाचा घडा आपल्याही डोक्यावर आहे.

नेब्रास्काच्या सीमेवरच्या पाट्यांवर पूर्वीपासून दोन शब्द आहेत. त्यांचा अर्थ ‘चांगलं जगणं’. अॅरिस्टॉटलपासून आम्ही तत्त्वज्ञानवाले त्याच प्रश्नाशी झगडतोय! ते शब्द तिथल्या लोकांनी स्वतःबद्दल लिहिले आहेत, आणि ‘सगळ्यांसाठी नाही’ हे परक्यांच्या नजरेकडे पाहून लिहिलं आहे. आर्थर काउंटीतल्या दहा वर्षांच्या मुलीने आपल्या राज्याच्या तोंडून कोणतं वाक्य ऐकत मोठं व्हावं, एवढाच माझा प्रश्न आहे.

वेळ झाली. इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.