रचना कोणाला दिसलेली?

मंडळी, ‘स्फटिकाची रचना पदार्थाचे गुणधर्म ठरवते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत नेहमी भेटतं. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, आमचं लक्ष आधी क्रियापदाकडे जातं. ‘ठरवते’ म्हणजे नेमकं काय करते? संक्रमण धातूंची दोन ऑक्साइडं घेऊन हे वाक्य तपासू.

पहिलं मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकदगड. लोहाचे तीन आयन, ऑक्सिजनचे चार. लोहाच्या आयनांचं चुंबकत्व बोर मॅग्नेटॉन या मापात ५, ५ आणि ४. तिघं एका दिशेला वळले तर बेरीज १४. मोजलं तर मिळतात जेमतेम ४! लुई नील यांनी १९४८ साली हा हिशेब जुळवला. स्फटिकात लोहाला बसायला दोन तऱ्हेच्या जागा आहेत, एकीला चार ऑक्सिजनांचा वेढा, दुसरीला सहांचा. या दोन जागांवरचे ५ आणि ५ एकमेकांच्या विरुद्ध, त्यांची फिटंफाट, उरले ४. या जागा १९१५ पासून क्ष-किरणांमुळे ठाऊक होत्याच. इथे पाठ्यपुस्तकाला पैकीच्या पैकी गुण.

आता मँगनीज ऑक्साइड. क्ष-किरणांना त्याची रचना मिठासारखी दिसते, कोष्ठिकेची बाजू सुमारे ४.४३ अँगस्ट्रॉम. ओक रिजला शल आणि स्मार्ट यांनी त्याच्यावर न्यूट्रॉन सोडले आणि १९४९ साली निष्कर्ष छापले. ८० केल्विनला, या रचनेप्रमाणे जिथे काहीच दिसायला नको, तिथे शिखरं उमटली. कोष्ठिका दुप्पट निघाली, ८.८५. असं का व्हावं? क्ष-किरणांना इलेक्ट्रॉनांची दाटी कळते. न्यूट्रॉन स्वतःच इवलासा चुंबक, त्याला मँगनीजच्या चुंबकत्वाची दिशाही कळते. एका थरातले मँगनीज एकीकडे तोंड करून, शेजारच्या थरातले उलट. एकूण बेरीज शून्य.

तेव्हा आमचा पहिला आक्षेप असा की ‘रचना’ म्हणताना ती कोणत्या साधनाला दिसलेली, हे वाक्य सांगतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सुमारे १२० केल्विनखाली ही चुंबकीय मांडणी लागते आणि तिच्यामुळे घन स्फटिक कर्णाच्या दिशेने किंचित दबतो, काटकोन काटकोन राहत नाहीत. म्हणजे इथे गुणधर्मच रचना बदलतो की! कोणी म्हणेल, मुळात मँगनीज-ऑक्सिजन-मँगनीज सरळ रेषेत आहेत म्हणूनच मधल्या ऑक्सिजनमार्फत ही उलटसुलट मांडणी जमते. बरोबर आहे. पण मग नातं दुतर्फा झालं, आणि ‘ठरवते’ हे क्रियापद एकतर्फी आहे.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे, बरं का. आज संगणकाला अणूंच्या जागा देऊन गुणधर्म विचारतात. त्याला मँगनीज ऑक्साइडची क्ष-किरणांची छोटी कोष्ठिकाच दिली, तर तीत मँगनीजची एकच जागा सुटी धरलेली. सगळे मँगनीज एकाच दिशेला तोंड करणार. उलटसुलट थर मांडायला त्या हिशेबात जागाच नाही.