पाचपैकी पावणेपाच

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सगळी अमेरिका टीव्ही घ्यायला रांगेत उभी असते, तेव्हा शिकागोतली काही मंडळी बिअरच्या रांगेत असतात. गूस आयलंडची 'बर्बन काउंटी ब्रँड स्टाउट' त्या दिवशी दुकानात येते. पोस्टडॉकच्या पगारात परवडतं तेवढं, म्हणजे वर्षाला दोन बाटल्या, मी घेते. एक त्याच हिवाळ्यात उघडायची, एक मुरायला ठेवायची. चाखून झालं की फोनवरच्या अॅपमध्ये पाचपैकी गुण द्यायचे. गेली तीन वर्षं मी या बिअरला न चुकता पावणेपाच देत आले. यंदा ते पावणेपाच माझ्याच अंगाशी आले.

ज्यांचा या गल्लीत वावर नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. स्टाउट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली पार काळी होईपर्यंत भाजून केलेली बिअर. तिचा 'इम्पीरियल' हा जास्त कडक प्रकार अठराव्या शतकात लंडनहून रशियाच्या दरबारी जायचा, त्यावरून हे नाव. बर्बन व्हिस्की मात्र अमेरिकी कायद्यानुसार नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते. त्यामुळे एकदा वापरलेलं सुमारे २०० लिटरचं पिंप बर्बनवाल्यांच्या कामाचं उरत नाही. नव्वदच्या दशकात ग्रेग हॉल यांनी अशा पिंपांत इम्पीरियल स्टाउट भरून ठेवली. आज अमेरिकेतल्या गल्लीबोळातली ब्रुअरी हा प्रयोग करते, पण सुरुवातीच्यांत नाव निघतं ते या शिकागोच्या बिअरचं.

आता यंदाची बाटली. अर्धा लिटर, अल्कोहोल १४ टक्क्यांच्या वर. म्हणजे बिअर म्हणवून घेत असली तरी चालीनं वाइनची. फ्रिजमधून काढून पाऊण तास तशीच ठेवली, कारण गारठलेली असली की तिचं तोंडच उघडत नाही. १२-१३ अंशांवर बोलायला लागते. रंग काळा, फेस तपकिरी आणि मिनिटभरात गायब. एवढ्या अल्कोहोलपुढे फेस टिकत नाही, हा दोष नाही. वास मात्र खोलीभर. आधी व्हॅनिला, मग भाजलेलं सुकं खोबरं. हे दोन्ही वास लाकडातले. ओकमधल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन मिळतं आणि खोबऱ्याचा वास येतो तो ओकमधल्या लॅक्टोनमुळे. मी रसायनशास्त्रातली असल्यामुळे हे सांगताना मला जरा जास्तच आनंद होतो, तो माफ करावा.

चवीपाशी आले आणि माझी वही अडली. दरवर्षी मी तिथे इंग्रजीतलेच शब्द लिहिते: डार्क चॉकलेट, अंजीर, तंबाखू, चामडं. चामडं मी आयुष्यात चाटलेलं नाही. अंजीर खाल्लेत ते पुरंदरचे, ताजे. बिअरवाल्यांच्या मनातलं सुकं, चिकट अंजीर मला इथे येऊनच कळलं. यंदा मात्र कोल्हापूरकडचे माझे मामा महिनाभर राहायला आले होते. त्यांनी तरुणपणी बरेच हंगाम गुऱ्हाळावर काढलेत. त्यांना चमचाभर दिली. त्यांनी ती जिभेवर फिरवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "अगं, काकवी करपलीय ही. काहील उतरवायला उशीर झाला."

"पण बरी लागतेय का, मामा?"

"बरी आहे की. पण काकवी कुणी पेला भरून पितं व्हय?"

पहिल्या वाक्यात चव होती आणि दुसऱ्यात समीक्षा. खरंच, पहिल्या घोटाला ही बिअर थक्क करते: करपट गोडवा, त्यामागून कोऱ्या कॉफीचा कडवटपणा, मग छातीपर्यंत उतरणारी बर्बनची ऊब, शेवटी लाकडाचा किंचित तुरटपणा. पाचव्या घोटाला कॉफी मागे पडते. दहाव्याला उरतो फक्त गोडवा, आणि तो दातांना बसतो. मी माझा पेला संपवला नाही. पण गुण? ते पहिल्या तीन घोटांतच देऊन मोकळी झाले होते. पावणेपाच!

मामांचं बोलणं डोक्यात राहिलं म्हणून पुढच्या शनिवारी घरात एक चाचणी केली. तीन वर्षांपूर्वी मुरायला ठेवलेली बाटली काढली आणि यंदाची दुसरीही उघडली. वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीनं आमच्या पाठीमागे ओतलं: प्रत्येकी तीन पेले, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळा पेला कोणता ते ओळखायचं. खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांतली ही जुनी त्रिकोणी चाचणी. नुसत्या अंदाजानंही तिघांत एक बरोबर येतोच, म्हणून ओळखलं तरी फार मिरवू नये. आम्ही चौघे बसलो, तिघांना वेगळा पेला सापडला, मलाही. मग कुठला आवडला ते लिहिलं. मी वेगळ्या पेल्यापुढे लिहिलं: 'ओला पुठ्ठा. बंद कपाट. गोड, पण पडेल.'

तीच मुरवलेली बाटली होती. तिच्याच वर्षातली आणखी एक बाटली मी मागच्या हिवाळ्यात, लेबल समोर ठेवून, चाखली होती. अॅप उघडून बघितलं. 'शेरीची झाक, जुन्या ग्रंथालयाचा सुगंध, काळानं दिलेली खोली. ४.७५.' म्हणजे पुठ्ठ्याचा वास मला तेव्हाही आला होता. फक्त लेबल दिसत असल्यामुळे मी त्याचं ग्रंथालय करून टाकलं. बिअर मुरते हे खरं, पण मुरणं म्हणजे बव्हंशी हवेतल्या ऑक्सिजनशी तिचा हळूहळू चाललेला व्यवहार. थोडा झाला तर शेरी, जास्त झाला तर पुठ्ठा. त्यात माझी बाटली तीन हिवाळे हीटरच्या शेजारच्या कपाटात होती. दोष बिअर करणाऱ्याचा नाही, माझा आहे.

गुणांचं दुखणं निव्वळ माझंही नाही. अशा साइट्सच्या वरच्या याद्या बघा: इम्पीरियल स्टाउटांची गर्दी. चाखणारा बहुधा बाटली पाच-सहा जणांत वाटून घेतो, वाट्याला येतात दोन-चार घोट, आणि दोन घोटांत जो जोरानं बोलतो तो जिंकतो. शिवाय परीक्षक आणि पैलवान यांच्यातलं अंतरही कमी झालंय. गूस आयलंड २०११ मध्ये ३.८८ कोटी डॉलरना आन्हायझर-बुशकडे गेली; पुढे त्याच समूहानं 'रेटबिअर' ही गुण देणारी साइटही विकत घेतली. यात कुणी आकडे फिरवले असं मी म्हणत नाही. पण विद्यापीठात असा संबंध असता, तर आम्हाला पेपरच्या तळाशी तो जाहीर करावा लागला असता.

म्हणून यंदा मी स्पर्धांच्या परीक्षकांचा ५० गुणांचा तक्ता घेतला. त्यात वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५ आणि एकूण ठसा १०. रूपाला फक्त तीन, हे मला फार आवडलं. ताज्या बाटलीला माझे गुण: वास ११, रूप ३, चव १५, पोत ४, एकूण ठसा ६. बेरीज ३९. तक्त्याप्रमाणे ही 'उत्कृष्ट' बिअर, आणि ती आहेच. वास घ्यावा तर हिचाच. चवीचे पाच गुण कापले, कारण कडवटपणा गोडव्याला शेवटपर्यंत साथ देत नाही. ठशाचे चार कापले, कारण पेला संपत नाही.

याच अॅपमध्ये गिनेसला माझे साडेतीन आहेत. ४.२ टक्क्यांची साधी स्टाउट. कॉन्फरन्सचा पेपर नाकारला गेला त्या संध्याकाळी मी तिचे दोन ग्लास प्यायले होते, आणि दोन्ही तळापर्यंत. तो आकडा मी अजून बदललेला नाही, पण त्याच्याकडे बघवत नाही. बर्बन काउंटीचे मात्र चार केले.

तुमच्याकडे ही बाटली असेल तर चौघांत उघडा, प्रत्येकी शंभर मिलि, जेवणानंतर, सोबत काही गोड न ठेवता. हीटरजवळ असेल तर आजच उघडा. आमच्याकडे तळाशी उरलेली मामांनी दुसऱ्या दिवशी घमेल्याएवढ्या पातेल्यात आटवायला घेतली होती. धूर झाला, अलार्म वाजला. "म्हटलं नव्हतं, उशीर झाला की करपते," म्हणाले.