गंजलेल्या नळाचा दाखला

रक्ताभिसरण शिकवताना एक दाखला हमखास दिला जातो. जुन्या नळात गंज साचतो तसे रोहिण्यांत कोलेस्टेरॉल साचते, वाट अरुंद होते, म्हणून रक्तदाब वाढतो. भिंतीवरच्या तक्त्यांत आणि आरोग्यपुस्तिकांतही हेच चित्र आढळते. मुलांना ते चटकन पटते. पण त्यातला 'म्हणून' तपासून पाहायला हवा.

गंजलेल्या नळातून पाणी कसे येते? बारीक धारेने. म्हणजे अडथळ्याच्या पुढे दाब कमी होतो. हृदयाच्या रोहिणीत थर साचला तर हृदयाच्या त्या भागाला रक्त कमी पडते. साऱ्या शरीरातला दाब त्यामुळे चढत नाही, कारण रक्ताला इतर असंख्य वाटा मोकळ्या असतात.

दाब ठरतो तो हृदय किती रक्त ढकलते आणि रोहिणिकांचा एकूण रोध किती, यांवर. रोहिणिका म्हणजे केशवाहिन्यांच्या आधीच्या बारीक रोहिण्या. त्यांच्या भिंतीतले स्नायू आकसतात, सैलावतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर रोध १६ पट होतो. तेव्हा थोडे आकसणेही पुरते. कोलेस्टेरॉलचे थर मात्र मोठ्या आणि मध्यम रोहिण्यांत बसतात. शिवाय मीठ-पाण्याचा हिशेब मूत्रपिंडे ठेवतात. मूत्रपिंडाचीच रोहिणी थराने अरुंद झाली तर दाब खरोखर वाढतो. गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्याच्या या रोहिणीला चिमटा लावून ते दाखवले. पण हा अपवाद आहे.

मग दोहोंचा संबंध नाहीच का? आहे, पण बाण बराचसा उलट दिशेचा आहे. नीलांमध्ये असे थर सहसा होत नाहीत. रक्त तेच, कोलेस्टेरॉलही तेवढेच. मुख्य फरक दाबाचा. बायपास शस्त्रक्रियेत पायातली नीला हृदयाच्या रोहिणीला जोडली, की काही वर्षांत तिच्यातही थर जमू लागतात. वाढलेला दाब भिंतीचे अस्तर दुखावतो आणि कोलेस्टेरॉलला आत शिरायला वाट देतो.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली सुरू झालेल्या, ५,२०९ व्यक्तींच्या पाहणीतून हृदयविकाराचे दोन स्वतंत्र धोके पुढे आले: वाढलेले कोलेस्टेरॉल आणि वाढलेला रक्तदाब. दोन्ही एकत्र आले तर धोका आणखी वाढतो. लठ्ठपणा आणि वाढते वय दोहोंनाही हातभार लावतात, म्हणून ते पुष्कळदा एकाच माणसात भेटतात.

हा शब्दच्छल नाही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी कोलेस्टेरॉलचा अहवाल नॉर्मल आला म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. काही महिन्यांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यांच्या डोक्यात तोच नळ होता.

नळाचे चित्र फळ्यावरून पुसायचे कारण नाही. त्याखाली 'रक्तदाब' न लिहिता 'हृदयविकार' लिहावे, एवढेच. आणि मुलांना सांगावे की वाढलेला दाब बहुधा जाणवत नाही. तो दंडाला पट्टा बांधून मोजावाच लागतो.