मत्स्यरोगचिकित्सेतील ‘सहक्रिया’ : एका संज्ञेची परीक्षा

रोहू-कटल्याच्या तळ्यांत एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूचा प्रादुर्भाव झाला, की माशांच्या अंगावर व्रण पडतात आणि त्वचेखाली रक्त साकळते. अशा वेळी ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके खाद्यातून देण्याचा प्रघात आहे. या औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढत चालल्यामुळे लसूण, कडुनिंब, हळद यांचे अर्क त्यांच्या जोडीस देऊन औषधाची मात्रा घटविता येईल काय, याचा शोध चालू आहे. उद्देश स्तुत्य आहे. परंतु या विषयावरील निबंधांत ‘सहक्रिया’ ही संज्ञा पुष्कळदा ज्या सैलपणाने योजिली जाते, तो सैलपणा चिंत्य होय.

प्रयोगशाळेत दोन द्रव्ये बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून जिवाणूंची वाढ कोठे खुंटते ते पाहतात. प्रत्येक द्रव्याच्या मिश्रणातील किमान रोधक प्रमाणास त्याच्या एकट्याच्या प्रमाणाने भागून दोन्ही भागाकारांची बेरीज करतात. ही बेरीज ०.५ किंवा त्याहून कमी असेल तरच सहक्रिया, ४ हून अधिक असेल तर विरोध, आणि मधल्या सर्व ठिकाणी परस्परपरिणामाचा अभाव मानावा, असे ऑड्स यांनी २००३ साली सुचविले. दोन्ही प्रमाणे चतुर्थांशावर आली तर बेरीज ०.५ होते; निम्म्यावर आली तर १. एखादे औषध त्याच औषधात मिसळले तरीही बेरीज १ च येते. तेव्हा प्रतिजैविक निम्मे पुरले एवढ्यावरून सहक्रिया सिद्ध झाली असे म्हणणे, हे बेरजेस गुणाकार म्हणण्यासारखे आहे.

‘अर्क’ या शब्दाचीही तीच गत. लसणीतील ॲलिसिन पाकळी ठेचल्यावर तयार होते व उष्णतेने नाश पावते. साहजिकच ताजा रस आणि उकळलेला काढा यांना एकच नाव देता येत नाही.

खरी सहक्रिया असूच शकत नाही, असे मात्र नव्हे. बर्बेरिस वंशातील वनस्पतींत बर्बेरिन हे जंतुरोधक द्रव्य आणि त्यास पेशीबाहेर फेकणारी जिवाणूची यंत्रणा बंद पाडणारे दुसरे द्रव्य एकत्र नांदते, हे २००० साली स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर दाखविण्यात आले. तथापि एरोमोनासला एक बाह्य आवरण अधिक असते. त्यामुळे तोच निष्कर्ष त्यास जसाच्या तसा लावता येत नाही.

शिवाय कच्च्या अर्कांचे रोधक प्रमाण बहुधा मिलिग्रॅमांत, तर प्रतिजैविकांचे मायक्रोग्रॅमांत मोजावे लागते. काचपात्रातील एवढे प्रमाण माशाच्या रक्तात साधेलच, असे गृहीत धरता येत नाही. त्यातच आजारी मासा खाद्य टाकतो. ‘सहक्रिया’ हा शब्द वाचून मत्स्यपालकाने औषध निम्मे केले आणि अर्क रोगस्थानी पोहोचलाच नाही, तर अपुऱ्या मात्रेत टिकून राहिलेले जिवाणूच पुढे बळावतील. ज्या संकटावर उपाय शोधावयाचा, तेच अशा रीतीने वाढीस लागेल. म्हणून बेरजेचा आकडा, अर्काची कृती आणि जिवंत माशांवरील परीक्षेचा निकाल ही तिन्ही दिल्यावाचून ही संज्ञा वापरू नये, हेच इष्ट.