मानगुटीवरचा म्हातारा : सिंदबादच्या पाचव्या सफरीतील ‘तस्मापा’

काही केल्या न सुटणाऱ्या माणसाला उर्दूत ‘पीर-ए-तस्मापा’ म्हणतात. तस्मा म्हणजे चामड्याचा पट्टा. ज्याचे पाय पट्ट्यासारखे, तो तस्मापा. फारसीत त्यालाच ‘दवालपा’ हे नाव आहे. मराठीतील ‘मानगुटीवर बसणे’ या वाक्प्रचारात हाच अनुभव आहे. ‘अलिफ लैला’तील सिंदबादच्या पाचव्या सफरीत भेटणारा ‘शेख-उल-बहर’ हा या जातीचा सर्वांत परिचित प्राणी होय. वर्गात मात्र ही कथा चतुर व्यापाऱ्याची गंमत म्हणून उरकली जाते आणि तिचे मर्म निसटते.

रुख पक्ष्यांनी जहाज बुडविल्यावर सिंदबाद एका बेटाला लागतो. पाण्याकाठी पानांनी अंग झाकलेला एक म्हातारा बसलेला असतो. हाही आपल्यासारखाच जहाज फुटून आलेला असावा, असे समजून सिंदबाद त्याला खांद्यावर घेतो. इथे परोपजीवी जीव शिकार करीत नाही. यजमानाची दयाच त्याला वर चढविते. पुढे मानेभोवती पाय आवळले जातात, लाथा बसतात, झोपेतही पकड सुटत नाही. सदाचाराचे पुण्य सोडाच, त्याची शिक्षा भोगावी लागते, ही या प्रसंगाची खरी भीती आहे.

‘वेताळपंचविशी’शी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ बोलतो, कोडी घालतो, शेवटी राजाला सावधही करतो. त्या ओझ्यातून संवाद घडतो. शेख-उल-बहर बोलतच नाही; त्याच्याजवळ फक्त खुणा आणि लाथा आहेत. जिथे भाषा नाही तिथे करार नाही, तक्रारही नाही.

सुटकाही निर्मळ नाही. सिंदबाद वाळलेल्या भोपळ्यात द्राक्षांचा रस आंबवितो. म्हातारा तो पितो, पकड सैल होते आणि सिंदबाद त्याला दगडाने ठेचून मारतो. हा जागा होऊन पुन्हा छळील, ही त्याची भीती समजण्याजोगी आहे. पण निषिद्ध पेय आणि बेशुद्ध जिवाची हत्या या दोन्ही गोष्टी कथा झाकीत नाही. बालवाचनासाठी हा भाग गाळला, की नैतिक प्रश्नच गाळला जातो.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा श्रोत्याचा. ही कथा ऐकणारा हम्माल आहे, पोटासाठी डोक्यावर ओझी वाहणारा. आणि अरबी पाठात त्याचेही नाव सिंदबादच आहे. गालाँच्या फ्रेंच भाषांतरात (1704 ते 1717) तो ‘हिंदबाद’ झाला व दोन सिंदबादांचा आरसा फुटला. श्रीमंत सिंदबाद खांद्यावरच्या ओझ्याची कहाणी सांगतो, तीही जन्मभर ओझे वाहणाऱ्याला. तो प्रत्येक वेळी शंभर सोन्याची नाणी देतो. परंतु हम्मालाच्या मानेवर कोण बसले आहे, हा प्रश्न त्याला पडत नाही.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेल्या व पुढे विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी पुरे केलेल्या भाषांतरापासून या गोष्टी मराठी वाचकाच्या घरच्या झाल्या आहेत. त्या शिकविताना ‘सिंदबाद कसा सुटला?’ एवढेच विचारून भागणार नाही. ‘ऐकणारा हम्माल घरी जाताना काय विचार करीत असेल?’ हा प्रश्न वर्गात विचारला गेला, तरच तस्मापा परीकथेतून बाहेर येऊन ओळखीचा वाटू लागेल.